जोसेफ व्हिटवर्थ : आट्यांना प्रमाण देणारा यंत्रकारागीर



चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपल्यासमोर बहुधा संत, राज्यकर्ते, समाजसुधारक किंवा साहित्यिक येतात. कारागिराचे चरित्र क्वचितच वाचायला मिळते. याचे एक कारण असे की, कारागिराचे काम वस्तूत मुरून जाते आणि वस्तू वापरणाऱ्याला कर्त्याचे नाव विचारण्याची गरज भासत नाही. या पाठात तुम्ही ज्यांचे चरित्र वाचणार आहात, त्या जोसेफ व्हिटवर्थ यांच्याबाबत हे विशेषच खरे आहे. तुमच्यापैकी कुणी फिटर किंवा टर्नर असेल, कुणी गॅरेजात काम करीत असेल, कुणी शेतातील पंपाची किरकोळ दुरुस्ती स्वतःच करीत असेल. बोल्ट हरवला की तुम्ही दुकानात जाऊन माप सांगता आणि दुसरा बोल्ट आणता. जुन्या नटात तो बसणारच, हे गृहीत धरता. व्हिटवर्थ यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये हे गृहीत धरता येत नव्हते. तेथे प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात शिरत नसे. ही स्थिती कशी पालटली आणि ती पालटणारा माणूस कसा होता, हे आता पाहू.

बालपण आणि उमेदवारी

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडच्या चेशर परगण्यातील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील चार्ल्स व्हिटवर्थ शिक्षक होते. पुढे ते धर्मोपदेशक झाले. १८१४ मध्ये आईचे निधन झाले आणि घर विस्कटले. जोसेफला लीड्सजवळच्या आयडल या गावी शाळेत ठेवण्यात आले. चौदाव्या वर्षी त्याचे शिक्षण संपले आणि डर्बीशरमध्ये सूतगिरणी चालविणाऱ्या मामाकडे त्याची उमेदवारी सुरू झाली. भाच्याने गिरणीचा व्यवहार सांभाळावा, अशी मामाची इच्छा होती. भाच्याचे मन मात्र हिशेबाच्या वहीपेक्षा यंत्रांकडे धावत होते. गिरणीतील यंत्रे चालविणे आणि दुरुस्त करणे तो थोड्याच काळात शिकला. त्याचबरोबर ती यंत्रे किती ओबडधोबड बनविलेली आहेत, हेही त्याच्या लक्षात आले. चार वर्षांनी मामाचे घर सोडून तो मँचेस्टरला गेला आणि साधा यंत्रकामगार म्हणून राबू लागला. ठरलेली गादी सोडून हाताला काळे लावण्याचा हा निर्णय त्याच्या घरच्यांना रुचला असेल, असे वाटत नाही.

१८२५ मध्ये फ्रान्सिस अँकर्स यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी हे तरुण जोडपे लंडनला आले. तेथे व्हिटवर्थ यांना हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम मिळाले. मॉडस्ले हे त्या काळातील श्रेष्ठ यंत्रकारागीर. त्यांच्या कारखान्यातून पुढे नावारूपाला आलेल्या इंजिनियरांची यादी मोठी आहे. त्यांच्या लेथवर कापलेले स्क्रू अचूक असत आणि त्यांच्या कारखान्यापुरते ते एकसारखेही असत. पुढे व्हिटवर्थ जोसेफ क्लेमेंट यांच्याकडे गेले. चार्ल्स बॅबेज यांच्या प्रसिद्ध गणनयंत्राचे भाग क्लेमेंट यांच्याकडे घडविले जात होते. ते यंत्र पुरे झाले नाही. परंतु शेकडो भाग एकमेकांशी बिनचूक जुळावे लागतात म्हणजे काय, याचा धडा तेथे काम करणाऱ्यांना नक्कीच मिळाला. क्लेमेंट यांनीही आपल्या कारखान्यासाठी आट्यांची ठरावीक मापे बांधून घेतली होती. म्हणजे एकसारखेपणाची कल्पना व्हिटवर्थ यांच्या डोक्यात शून्यातून आली नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. ती चांगल्या कारखान्यांच्या चार भिंतींच्या आत आधीपासून होती. ती भिंतीबाहेर पडत नव्हती, अडचण तेवढीच होती.

सपाट म्हणजे किती सपाट?

लंडनमध्ये असतानाच एका प्रश्नाने व्हिटवर्थ यांना पछाडले. खरोखर सपाट पृष्ठभाग कसा तयार करावा? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु लेथचा पाया सपाट नसेल, तर त्यावर घडणारा प्रत्येक भाग त्याच्या चुकीचा वारसा घेऊन जन्माला येतो. त्या काळी धातूच्या दोन पाट्या कुरुंदाच्या पुडीने एकमेकींवर घासून सपाट करीत. या रीतीत दोन दोष होते. पूड सर्वत्र सारखी पसरत नसे, त्यामुळे काही भाग जास्त झिजे. दुसरा दोष अधिक फसवा होता. एक पाटी किंचित खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली, तरी त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि कारागिराला वाटते की काम फत्ते झाले.

व्हिटवर्थ यांनी दोनऐवजी तीन पाट्या घेतल्या. समजा, पहिली पाटी खोलगट आहे आणि दुसरी व तिसरी अशा दोन्ही पाट्या तिच्याशी जुळविल्या. आता दुसरी आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. दोन्ही फुगीर असल्याने त्या मधोमध टेकून डुलतील आणि चूक आपोआप उघडी पडेल. तिन्ही पाट्या आलटून पालटून कोणत्याही जोडीने जुळल्या, तरच त्या तिन्ही सपाट. पाटीला रंगाचा पातळ हात द्यायचा, तो दुसऱ्या पाटीवर जेथे उमटेल तेवढाच उंचवटा पोलादी स्क्रेपरने हाताने खरडून काढायचा, आणि हे पुनःपुन्हा करीत राहायचे. घासणे सोडून खरडणे स्वीकारले, हा या पद्धतीचा गाभा होता. मॉडस्ले यांच्या कारखान्यात या दिशेने आधीच काम चालू होते, त्यामुळे श्रेय कुणाचे किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. या पद्धतीला शिस्त लावून ती सर्वांसमोर मांडण्याचे काम मात्र निःसंशय व्हिटवर्थ यांचे आहे. १८४० मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी यावर निबंध वाचला.

१८३३ मध्ये ते मँचेस्टरला परतले होते. भाड्याची एक खोली, तिच्यात वाफेच्या शक्तीची सोय, आणि दारावर आपण लंडनहून आलेले हत्यारे बनविणारे कारागीर आहोत असे सांगणारी पाटी, एवढ्या भांडवलावर त्यांनी धंदा मांडला. वेळ नेमकी साधली होती. गिरण्या वाढत होत्या, रेल्वे नुकती धावू लागली होती आणि यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांची भूक सर्वत्र होती. लेथ, रंधायंत्रे, भोके पाडणारी आणि खाचा कापणारी यंत्रे त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. मँचेस्टरचे रस्ते झाडणारे एक यंत्रही त्यांनी तयार केले. पुढे त्यांनी एक हिशेब मांडला होता. छिन्नी आणि कानस वापरून एक चौरस फूट ओतीव लोखंड हाताने सपाट करण्याची मजुरी पूर्वी बारा शिलिंग पडे; रंधायंत्राने तेच काम एका पेनीहून कमी खर्चात होऊ लागले. बारा शिलिंग म्हणजे १४४ पेन्स.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते बारा शिलिंग कुणाची तरी रोजी होती. कानस चालविणाऱ्या हाताचे कसब शिकायला कारागिराची अनेक वर्षे जात. यंत्राला ते कसब नको होते. जानेवारी १८५२ मध्ये लंडन आणि लँकेशरमधील यंत्रकारखान्यांच्या मालकांनी संघटित कामगारांना टाळेबंदी करून बाहेर काढले. जादा तासांचे काम, नगावर मजुरी आणि यंत्रांवर अकुशल माणसे नेमणे, हे वादाचे मुद्दे होते. काही महिन्यांनी कामगारांना माघार घ्यावी लागली. अचूकतेच्या इतिहासात ही टाळेबंदी सहसा लिहिली जात नाही. ती लिहिली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आट्यांची सरासरी

आता मुख्य विषयाकडे येऊ. स्क्रूचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळत वर चढणारी खाच. तिच्याबाबत तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : एका इंचात किती आटे, खाचेची खोली किती, आणि तिचा आकार कसा, म्हणजे दोन बाजूंमधील कोन किती. आटे घट्ट आणि बारीक केले तर पकड वाढते, पण ते लवकर झिजतात आणि चटकन मोडतात. खाच खोल केली तर धरून ठेवण्याची ताकद वाढते, पण दांड्याचा गाभा बारीक होतो. एक गुण वाढवावा, तर दुसरा घटतो. म्हणून प्रत्येक कारखानदाराने आपापल्या अनुभवाने एक मध्यममार्ग काढला होता आणि प्रत्येकाचा मध्यममार्ग निराळा होता.

रेल्वे येईपर्यंत हे खपून गेले. यंत्र जेथे बनत असे, तेथेच बहुधा दुरुस्तही होत असे. रेल्वेचे इंजिन मात्र गावोगाव फिरणारे यंत्र. निरनिराळ्या कारखान्यांतून आलेली इंजिने एकाच दुरुस्तीगृहात उभी राहू लागली, तेव्हा प्रत्येकासाठी वेगळे टॅप आणि वेगळ्या डाय ठेवण्याची पाळी आली. एखादा बोल्ट तुटला, तर त्याच्या जोडीचा घडवून घेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जात.

१८४१ मध्ये व्हिटवर्थ यांनी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स या संस्थेपुढे एक निबंध ठेवला. सर्व देशासाठी आट्यांची एकच पद्धत असावी, असे त्याचे प्रतिपादन होते. येथे त्यांनी अवलंबिलेली रीत नीट पाहा. आपला स्क्रू सर्वांत उत्तम, म्हणून सर्वांनी तो स्वीकारावा, असे ते म्हणाले नाहीत. केवळ तर्काने किंवा गणिताने एकच आदर्श आटा सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मग त्यांनी इंग्लंडमधील प्रमुख कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. पाव, अर्धा, एक आणि दीड इंच या मापांचे बोल्ट त्यांनी ठरावीक टप्पे म्हणून धरले आणि मधली मापे त्यांच्या अनुषंगाने बसविली. पाव इंची बोल्टाला इंचात वीस आटे, अर्धा इंचीला बारा, एक इंचीला आठ, दीड इंचीला सहा. बाजूंमधील कोनाची सरासरी ५५ अंशांच्या आसपास आली. तोच कोन सर्व मापांना कायम केला. आट्याचे टोक आणि तळ किंचित गोलाई देऊन बोथट केले, म्हणजे कड लवकर मोडत नाही.

भाषेच्या अभ्यासकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. प्रमाण ठरवायचे, तर कुणाचे घ्यायचे? एकाच पेठेची बोली सर्वांवर लादायची, की अनेक बोलींतून वाट काढायची? व्हिटवर्थ यांच्यापुढे बोलींच्या जागी कारखाने होते. त्यांनी कोणत्याही एका कारखान्याला गादीवर बसविले नाही, स्वतःच्याही नाही. परिणाम असा झाला की, ही पद्धत कोणालाच पूर्णपणे परकी वाटली नाही आणि ती स्वीकारताना कुणाचाच फार मोठा तोटा झाला नाही. तिच्यामागे कायद्याची सक्ती नव्हती. रेल्वे कंपन्यांनी ती हळूहळू उचलली, त्यांच्यामागून यंत्रकारखाने आले आणि वीसेक वर्षांत ती ब्रिटनभर रूढ झाली. व्हिटवर्थ यांचा स्वतःचा कारखाना या मापांचे टॅप, डाय आणि गेज विकत होता, हेही तिच्या प्रसाराचे एक कारण होते. त्यात लोकहित होते आणि व्यापारही होता. दोन्ही एकत्र नांदले.

क्रायमियाच्या युद्धात या पद्धतीची परीक्षा झाली. आरमाराला थोड्या अवधीत तोफनौकांची अनेक इंजिने हवी होती. एकाच कारखान्याला ते झेपणारे नव्हते. इंजिनियर जॉन पेन यांनी तयार इंजिने सुटी करून त्यांचे भाग नमुन्यादाखल निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठविले. वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले भाग एकत्र आणून नव्वद दिवसांत इंजिनांच्या नव्वद जोड्या उभ्या राहिल्या, असे इतिहासकार सांगतात. सर्वांचे आटे एकाच मापाचे नसते, तर असे काही योजण्याचे धाडसही कुणी केले नसते.

या आट्यांची पुढची कहाणी व्हिटवर्थ यांच्या आयुष्याहून बरीच लांब आहे. ती येथेच सांगून टाकू. १८६४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी वेगळी पद्धत मांडली. तिचा कोन ६० अंशांचा आणि टोके सपाट. ६० अंश आखायला आणि तपासायला सोपे, सपाट टोक कापायला सोपे. कुशल कारागिरांची चणचण असलेल्या देशाला ते सोयीचे होते. बहुतेक मापांत इंचामागील आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच राहिली, पण अर्धा इंची बोल्टाला इंग्लंडमध्ये बारा आटे आणि अमेरिकेत तेरा. दोन महायुद्धांत दोस्त असलेल्या या दोन देशांना परस्परांचे बोल्ट वापरता येत नव्हते. ब्रिटिश विमानांचे मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले, तेव्हा ब्रिटिश आट्यांची हत्यारे तिला मुद्दाम तयार करावी लागली. अखेर नोव्हेंबर १८४८ नव्हे, तर त्यानंतर बरोबर एक शतक उलटल्यावर, नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा एकच आटा मान्य केला. मेट्रिक पद्धतीतही कोन ६० अंशांचाच आहे.

तरीही ५५ अंश संपले नाहीत. ब्रिटिश यंत्रांबरोबर हे आटे भारतात आले आणि येथील कारखान्यांत दीर्घकाळ टिकले. आपल्याकडील जुने कारागीर बोल्टाचे माप अजूनही सुतात सांगतात; आठ सूत म्हणजे एक इंच. बोल्टांत आता मेट्रिक मापे आली, परंतु पाण्याच्या पाइपांचे आटे बदलले नाहीत. तुमच्या घरातील अर्धा इंची नळ उघडून पाहिलात, तर त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचाच आढळेल.

इंचाचा दशलक्षांश

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात व्हिटवर्थ यांची यंत्रे सर्वांच्या डोळ्यांत भरली. त्यांपैकी मोजमापाचे यंत्र विशेष गाजले. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. एका स्क्रूला इंचात वीस आटे. त्याला फिरविणाऱ्या चाकाला दोनशे दाते. त्या चाकाला हलविणाऱ्या दुसऱ्या चाकाच्या कडेवर अडीचशे खुणा. वीस, दोनशे आणि अडीचशे यांचा गुणाकार दहा लाख होतो. म्हणजे शेवटचे चाक एक खूण सरकले की स्क्रू इंचाचा दहा लाखावा भाग पुढे जातो. एवढे अंतर डोळ्याला दिसणे शक्य नाही. म्हणून मोजायची वस्तू आणि यंत्राचे टोक यांच्यामध्ये पोलादाचा एक पातळ, सपाट तुकडा ठेवीत. स्क्रू एका खुणेने पुढे गेला की तो अडकून लटकत राही, एका खुणेने मागे घेतला की स्वतःच्या वजनाने खाली पडे. पोलादाच्या पट्टीला बोट लागले, तरी तेवढ्या उबेने ती वाढल्याचे हे यंत्र दाखवी. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवा, हे व्हिटवर्थ यांच्या सर्व शिकवणीचे सार होते.

या काळात त्यांचा लौकिक शिखरावर होता. १८५६ मध्ये ते इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्सचे अध्यक्ष झाले आणि १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य. माणूस म्हणून ते बोलायला सोपे नव्हते. थॉमस कार्लाइल यांच्या पत्नी जेन यांनी त्यांची भेट झाल्यावर त्यांचा चेहरा वानराची आठवण करून देणारा आणि बोली अस्सल लँकेशरी असल्याचे पत्रात लिहिले, पण त्यांच्या बुद्धीची तारीफही केली. ब्रिटिश सरकारने त्यांना १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी प्रतिनिधी म्हणून पाठविले. प्रदर्शन लांबल्यामुळे त्यांना अमेरिकेतील कारखाने हिंडून पाहण्याची संधी मिळाली. बंदुकीचे लाकडी दस्ते तेथे यंत्रांवर एकापाठोपाठ एक घडत होते. त्यांचा अहवाल १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमध्ये लक्षपूर्वक वाचला गेला.

बंदूक : न मागितलेली अचूकता

येथून चरित्राला वेगळे वळण लागते. क्रायमियाच्या युद्धाच्या सुमारास सरकारने त्यांना एन्फिल्ड बंदुका बनविण्यासाठी यंत्रे तयार करून द्यायला सांगितले. व्हिटवर्थ यांनी प्रश्नच फिरविला. उत्तम बंदूक कोणती, हे आधी ठरल्याशिवाय ती बनविणारी यंत्रे कशी ठरविणार? सरकारने त्यांच्या मँचेस्टरमधील घराच्या आवारात प्रयोगांसाठी ५०० यार्ड लांबीची बंदिस्त वीथी बांधून दिली. ती वादळात कोसळली आणि पुन्हा उभारावी लागली. तेथे त्यांनी गोळीचा प्रवास पायरीपायरीने तपासला. त्यातून षट्कोनी नळीची, एन्फिल्डपेक्षा बारीक तोंडाची बंदूक सिद्ध झाली. एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. व्हिटवर्थ यांच्या नळीचा ०.४५१ इंच. १८५७ च्या चाचण्यांत तिने लांब पल्ल्यावर एन्फिल्डला सपशेल मागे टाकले. १८६० मध्ये विंबल्डन येथे राष्ट्रीय नेमबाजी संघटनेचे पहिले संमेलन भरले, तेव्हा टेकूवर बसविलेल्या व्हिटवर्थ बंदुकीची दोरी ओढून व्हिक्टोरिया राणीने ४०० यार्डांवरील लक्ष्याचा जवळजवळ मध्यबिंदू भेदला.

सैन्याने ती बंदूक स्वीकारली नाही. नळीचे तोंड फार लहान, दारूची काजळी साचून ती लवकर तुंबते, आणि किंमत जास्त, अशी कारणे होती. तोफांच्या बाबतीतही तसेच घडले. तेथे त्यांची गाठ विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी होती. आर्मस्ट्राँग यांनी आपले तोफांचे पेटंट सरकारला देऊन टाकले, त्यांना सर किताब आणि अधिकारपद मिळाले. मग त्यांच्या तोफांशी स्पर्धा करणाऱ्या व्हिटवर्थ यांना आपल्यावर अन्याय होत आहे, असे वाटत राहिले. समित्या नेमल्या गेल्या, चाचण्या झाल्या, वाद वर्षानुवर्षे चालला. व्हिटवर्थ बंदुका मग परदेशी गेल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांच्या हाती त्या होत्या. १८६४ मध्ये सेनापती जॉन सेज्विक अशाच एका बंदुकीच्या गोळीने पडले, असे मानले जाते.

व्हिटवर्थ यांच्यावर अन्याय झाला, असे त्यांचे चाहते म्हणत आले आहेत आणि त्यात काही तथ्य आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या नळीचा व्यास ०.४५ इंच होता, म्हणजे जवळजवळ त्यांनी सांगितला होता तेवढाच. परंतु दुसरीही बाजू आहे. स्क्रूच्या बाबतीत ते इतरांच्या कारखान्यांत गेले, इतरांचे बोल्ट मोजले आणि सर्वांना चालेल असे काही शोधले. बंदुकीच्या बाबतीत त्यांनी सर्वोत्कृष्ट वस्तू शोधली आणि मग ती सर्वांनी घ्यावी असा हट्ट धरला. काजळीने माखलेल्या, घाईत असलेल्या, अर्धशिक्षित शिपायाच्या हातात ती कशी चालेल, हा प्रश्न त्यांच्या वीथीत शिरलाच नाही. एकाच माणसाच्या ठायी ही दोन्ही वळणे असावीत, हे या चरित्राचे सर्वांत विचार करायला लावणारे अंग आहे.

अखेरची वर्षे

१८६८ मध्ये व्हिटवर्थ यांनी दरसाल ३००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. एकूण तीस शिष्यवृत्त्या, प्रत्येकी शंभर पौंडांच्या. त्यांची अट तुमच्यासारख्या, काम सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. उमेदवाराला गणित, यंत्रशास्त्र यांची परीक्षा तर द्यावी लागेच, शिवाय हत्यारे हाताळून काम करून दाखवावे लागे. पुस्तकी पंडिताला हत्यार धरता यावे आणि कारागिराला शास्त्र कळावे, हा हेतू होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने तो बाळगावा, हे स्वाभाविकच होते. या शिष्यवृत्त्या इंग्लंडमध्ये आजही दिल्या जातात. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. फ्रान्सिस १८७० मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी त्यांनी मेरी लुइसा ऑरेल यांच्याशी विवाह केला. तोफांच्या नळ्या फुटू नयेत म्हणून वितळलेल्या पोलादावर प्रचंड दाब देऊन ते निर्दोष करण्याची पद्धत त्यांनी याच काळात विकसित केली. १८७४ मध्ये कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. उतारवयात डर्बीशरमधील डार्ली डेल येथील घर आणि तेथील दगडांच्या खाणी यांत ते रमले. प्रकृतीसाठी हिवाळ्यात ते दक्षिण युरोपात जात. तेथेच, माँटे कार्लो येथे, २२ जानेवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. डार्ली डेलच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले.

त्यांना मूलबाळ नव्हते. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी पत्नी आणि दोन मित्र, रिचर्ड कॉप्ली ख्रिस्ती व रॉबर्ट डार्बिशर, यांच्या हाती सोपविला. तो कशावर खर्च करावा, याचे बंधन घातले नाही. आयुष्यभर मापे ठरविण्यात रमलेल्या माणसाने येथे एकही माप ठरविले नाही. त्या पैशातून मँचेस्टरमध्ये व्हिटवर्थ कलादालन आणि उद्यान उभे राहिले, ओवेन्स कॉलेजला मदत झाली आणि कर्करोगाच्या एका रुग्णालयाला आधार मिळाला. ते रुग्णालय आज ख्रिस्ती यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांची कंपनी १८९७ मध्ये ज्या कंपनीत विलीन झाली, ती आर्मस्ट्राँग यांची होती.